वीतभर फिल्म

बेटा, तुझा निरोप दोनदा वाचला. १८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत भुताच्या सिनेमांचे दिग्दर्शक श्याम रामसे गेले, ६७ वर्षांचे होते. तुम्ही पंचवीस-तीस जण, बहुतेक इथलीच, इंदूरच्या मराठी घरांतली पोरं, त्यांच्या आठवणीसाठी रामबागेतल्या एका छोट्या हॉलात रात्रीचा कार्यक्रम करताय. बेत असा, की त्यांच्या दहा सिनेमांतले निवडक सीन तासाभरात दाखवायचे, मग गप्पा, मग सगळ्यांनी रात्रीच्या सराफ्यात खायला जायचं. माझ्याकडून तुला तीन गोष्टी हव्यात: कोणते सीन घ्यावेत, पडदा-आवाज कसा लावावा, आणि आजी म्हणते पितृपक्षात भुताचे सिनेमे नकोत, तिला काय सांगावं. शेवटी जरा बिचकत विचारलंयस, "काका, ते खरंच चांगले दिग्दर्शक होते, की आम्ही लहानपणी टीव्हीवर बघून घाबरलो म्हणून लाड करतोय?"

आजीचं आधी मिटवू. आजीचं ऐक. ज्या माणसाने आयुष्यभर थडग्यांतून मुडदे उठवले तो गेलाही नेमका पंधरवड्यात, यावर काय बोलायचं! पण तुमच्या कार्यक्रमाला घाई कसली? सर्वपित्री २८ ला, २९ ला घट बसतील, आणि मग दसऱ्यापर्यंत या शहरात गरब्याच्या स्पीकरांपुढे तुमच्या भुताचं काही चालायचं नाही. दसरा ८ ऑक्टोबरला. १२ तारखेला शनिवार आहे, दुसऱ्या दिवशी कोजागिरी. त्या शनिवारी ठेव. आजीला सांग, पितर परत गेले, आता पाहुणे येताहेत.

आता सीनचं. एकही सीन निवडू नकोस. एक अख्खा सिनेमा लाव, गाण्यांसकट, जगदीपसकट, इंटरव्हलसकट. हे मी हट्टाने का म्हणतो ते सांगायला मला केबिनमध्ये जावं लागेल.

मी समीक्षक नाही, ऑपरेटर. १९७८ साली सतराव्या वर्षी हेल्पर म्हणून लागलो. रिळं गुंडाळायची, पेटी उचलायची, उस्तादांचा चहा आणायचा. उस्ताद म्हणजे आमचे हेड ऑपरेटर, त्यांना मालकसुद्धा उस्तादच म्हणत. चार वर्षांनी मशीनला हात लावू दिला. त्यानंतर सिनेमा डबीतून न येता हार्डडिस्कवर यायला लागेपर्यंत मी दोन मशीनच्या मध्येच उभा होतो. आमचं टॉकीज मोठं नव्हतं, पहिल्या रनचंही नव्हतं, म्हणजे सिनेमा आधी दुसरीकडे चालून मग आमच्याकडे यायचा. नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची एक फजिती सांगायची आहे. नाव सांगून उपयोगही नाही म्हणा. या गावात टॉकिजांपेक्षा चौराह्यांना आयुष्य जास्त. रीगल म्हणताना, मधुमिलन म्हणताना तुमच्या पिढीला चौक आठवतो, पडदा नाही.

केबिनच्या भिंतीला दोन प्रकारची भोकं असतात. एकातून उजेड जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. नवीन पोरगा त्यातून सिनेमा बघतो. आठवडाभर बघतो, महिनाभर बघतो, मग कंटाळतो आणि डोकी बघायला लागतो. रोज चार खेळ तोच सिनेमा असतो, डोकी मात्र वेगळी. मारामारीला ती कशी पुढे झुकतात, गाण्याला कशी पांगतात, कुठल्या जागी अर्धी बालकनी बिडी प्यायला उठते, हे सगळं मला पाठ असायचं. सिनेमा चालणार की नाही ते आम्हाला शुक्रवारी सहाच्या खेळालाच कळायचं, वितरकाला सोमवारी.

भीतीची खूण वेगळी. घाबरलेला माणूस पडद्यावर ओरडणारीसारखा ओरडत नाही. तो पाय वर घेतो. खुर्चीवर. चपला खाली राहतात आणि पाय वर. तिसऱ्या वर्गात लाकडी बाकं होती, तिथे तर रांगच्या रांग मांडी घालून बसायची, पंगतीला बसल्यासारखी. अंधारात खुर्चीखाली काय असेल याचा भरवसा नाही, एवढाच त्याचा अर्थ. मिलमध्ये पाळी करून आलेले, घामाच्या वासाचे, एरवी पडद्यावरच्या खलनायकाला आईबहिणीवरून हाका मारणारे दांडगे लोक. ते पाय वर घेताना मी दोनच प्रकारच्या सिनेमांत बघितले. एक बाहेरच्या देशातून डब होऊन आलेले, आणि दुसरे रामसे.

'पुराना मंदिर' १९८४ चा. आमच्याकडे दुसऱ्या रनला ८५ मध्ये लागला. गोष्ट तुला माहीत असेल, तरी ज्यांना नाही त्यांच्यासाठी: राजाने सामरी नावाच्या सैतानाला पकडून त्याचं मुंडकं धडावेगळं केलं. मुंडकं पेटीत बंद, धड दुसरीकडे पुरलेलं. मरताना त्याने शाप दिला, की या घराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी त्याच घरातली मुलगी आणि तिचा प्रियकर हवेलीवर जाऊन पोचतात. पुढचं सांगायला नकोच.

त्या काळी आमच्याकडे कार्बनची मशीन. दोन कांड्या, त्यांच्यात ठिणगी, मागे आरसा. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, म्हणून दर मिनिट-दोन मिनिटांनी दांडा फिरवून त्या जवळ आणायच्या. विसरलात तर उजेड आधी पिवळा पडतो आणि मग विझतो. वीस-बावीस मिनिटांचं एक रीळ. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, काही सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि बदल. उस्ताद म्हणायचे, डोळा कोपऱ्यात आणि हात कार्बनवर, सिनेमा आपल्यासाठी नाहीच.

त्या रात्री नऊच्या खेळाला माझा डोळा कोपऱ्यातही नव्हता आणि हात कार्बनवरही. मी भोकातून पाय मोजत होतो. खरंच मोजत होतो, पहिल्या चार रांगांतले. हवेलीतला रात्रीचा प्रसंग, पोरगी एकटी चाललीय, आणि इकडे कार्बन विझला.

एरवी पडदा काळा झाला की काय होतं हे तू ऐकलं असशील. शिट्ट्या, बाकं बडवणं, "ए ऑपरेटर, सो गया क्या भिया", आणि मग माझ्या कुळाचा उद्धार. कार्बन विझला तरी फिल्म पळतच असते, कारण मोटर वेगळी. आवाज वाचणारा छोटा दिवाही वेगळा. म्हणजे चित्र गेलं आणि आवाज चालूच. वारा. पावलं. कुठेतरी दार करकरतंय. पुन्हा पावलं. मी थरथरत्या हातांनी कांड्या भिडवतोय आणि खाली हॉलात एक शिट्टी नाही. सहाशे माणसं ठार काळोखात बसून ती पावलं ऐकताहेत. कुणालाच वाटलं नाही की काही बिघडलंय. त्यांना वाटलं, सिनेमाच असा आहे.

दहा सेकंद असतील, फार तर बारा. ठिणगी पडली, चित्र आलं, आणि ते आलं नेमकं चेहऱ्यावर. त्यानंतर हॉलातून जो आवाज उठला तो मी तेहेतीस वर्षांत पुन्हा ऐकला नाही. मॅनेजर धावत वर आले. मला वाटलं नोकरी गेली. ते म्हणाले, "क्या किया तूने?" मी म्हटलं, कार्बन. ते जरा थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "कल भी हो जाए तो देख ले." दुसऱ्या दिवशी मुद्दाम केलं. नाही जमलं. दोन सेकंद आधी विझवला, लोक शिट्ट्या मारायला लागले. ती जागा श्याम रामसेंनी बांधलेली होती, मी फक्त चुकून तिच्या बरोबर मध्ये पडलो होतो.

आता दुसरी गोष्ट, फजितीची. दोन-अडीच वर्षांनी त्यांचाच एक सिनेमा आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या रनला आला. प्रिंट म्हणजे चिंधी. खेड्यापाड्यांतल्या टॉकिजांतून फिरून आलेली, दातऱ्या तुटलेल्या, जागोजाग जोड. एक जागा नेमकी भुताचा चेहरा येण्याच्या जरा आधी फाटलेली होती. मालकांना दुपारचा खेळ सोडायचा नव्हता, मी घाईत फाटका तुकडा कापला, सिमेंट लावून जोडला आणि चढवला. किती कापला? वीतभर. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात, वीतभर फिल्म म्हणजे बारा. सेकंदाला चोवीस पळतात, म्हणजे अर्धा सेकंद गेला. अर्ध्या सेकंदाने काय होतंय, असं मलाही वाटलं.

पण मशीनमध्ये फिल्म आधी भिंगासमोरून जाते आणि मग खाली आवाजाच्या दिव्यापाशी येते. म्हणून चित्राचा आवाज त्या चित्राच्या शेजारी छापलेला नसतो, वीस चित्रं आधी असतो. मी चेहऱ्याच्या आधीची बारा चित्रं काढली, तेव्हा चेहरा अर्धा सेकंद लवकर आला आणि त्याची किंकाळी होती तिथेच राहिली. पडद्यावर एकदम तोंड उघडं टाकून भूत. निःशब्द. मग थोड्या वेळाने, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा, धडाम आवाज.

अख्खा हॉल हसला. पोट धरून. त्या अर्ध्या सेकंदात लोकांना रबर दिसलं, रंग दिसला, कानामागची कड दिसली. तोच मुखवटा, तोच नट, तेच लोक. आदल्या गावात ते घाबरले असतील. मी वीतभर फिल्म कचऱ्यात टाकली आणि भूत मेलं.

म्हणून सांगतो, सीन कापू नका. तुमच्या फोनवर जे तुकडे फिरतात ते मीही बघतो, नातू दाखवतो. सगळे चेहऱ्यापासून सुरू होतात. पावलं नाहीत, दार नाही, ते तीन मिनिटांचं काहीच न घडणं नाही. मग रबर दिसणारच, आणि हसू येणारच. दहा सिनेमांतले दहा चेहरे एकामागून एक लावलेत तर तुम्ही मुखवट्यांच्या दुकानात श्रद्धांजली वाहताय.

आणि हे सगळं त्या घराण्याला कळलेलं होतं, अपघाताने नव्हे. वडील एफ. यू. रामसे, मूळ आडनाव रामसिंघानी, फाळणीआधी कराचीत रेडिओचे दुकानदार. मुंबईत आले तेव्हाही लॅमिंग्टन रोडला रेडिओचंच दुकान. सात मुलं: कुमार, तुलसी, श्याम, केशू, किरण, गंगू, अर्जुन. पुढे कुमार लिहायला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन एडिटिंगला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. रेडिओवाल्याची पोरं ती. कानातून माणूस कसा पकडायचा हे त्यांना कॅमेऱ्याच्या आधी माहीत असणार, असं मी म्हणतो. याला पुरावा म्हणून माझे ते विझलेले बारा सेकंद धर.

भीतीकडे ते वळले तो किस्साही ऐकण्यासारखा आहे. १९७० साली वडिलांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि पोरांच्या लक्षात आलं की उरलेल्या सिनेमाला जांभया देणारे लोक तिथे ताठ बसतात. बघ हं, ही पोरं थिएटरात बसून पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत होती. माझ्यासारखी. वडिलांना म्हणाली, मग सगळा सिनेमाच असा का नाही? १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. श्याम तेव्हा विशीतला पोरगा. महाबळेश्वरला सगळं बिऱ्हाड बसमध्ये घालून नेलं, घरच्या बायका स्वयंपाकाला. आपल्याकडे नाटक मंडळी गावोगाव जायची तसंच. सेट लावायला पैसे नव्हते म्हणून खरे बंगले, खऱ्या हवेल्या. मुरुडच्या नवाबाचा वाडा तर त्यांनी इतका वापरला, की आमचे नेहमीचे गिऱ्हाईक जिना ओळखायचे. "भिया, फिर वही सीढ़ी."

यात गंमत अशी, की गरिबी त्यांच्या पथ्यावर पडली. भूत जितकं कमी दाखवाल तितका मेकअपचा खर्च कमी. लांब व्हरांडा, धूर, लाल-निळा उजेड, वारा आणि वाट बघणं, हे सगळं स्वस्त. त्यांनी वाट बघणं पडद्यावर ताणलं ते काही कलेची पोथी वाचूनच नव्हे. पण ताणलं कुठे आणि सोडलं कुठे, ती जागा पैशाने ठरत नाही. तिथे श्याम होते.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मग असं: घाबरवण्यात फार चांगले. गोष्ट सांगण्यात कधी बरे, कधी बेफिकीर. माझ्या केबिनमधून त्यांचे दोष जितके दिसले तितके तुला दिसणार नाहीत. न्हाणीघरातले सीन पुढच्या रांगांसाठी घातलेले असायचे, आणि ते चालू असताना बायकांच्या बाजूला जी शांतता व्हायची ती भीतीची नसायची. आमची आई एकदाच आली होती पास घेऊन. घरी जाऊन म्हणाली, "भूत ठीक होतं रे, पण त्या पोरीला टॉवेल द्यायला कुणी नव्हतं का?" याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. दुसरं, बाहेरच्या सिनेमांतून ते बिनदिक्कत उचलायचे. 'महाकाल' बघ म्हणजे कळेल. आणि २००० नंतरचे सिनेमे मी चालवले नाहीत, फक्त बघितले, ते सोड.

जगदीपचं मात्र लोक चुकीचं धरतात. 'पुराना मंदिर'मध्ये भुताच्या मध्येच जगदीपचा डाकूंचा विनोदी पसारा येतो, 'शोले'ची नक्कल. तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, हे गाळून टाका, लय बिघडते. गाळू नकोस. जगदीप आपल्या दतियाचे, एवढ्यासाठी म्हणत नाही. माणूस दोन तास पाय वर घेऊन बसू शकत नाही. त्याला ते खाली सोडायला जागा लागते, नाहीतर पुढच्या वेळी वर घ्यायचे कसे? मी बघितलंय, जगदीप आला की पाय खाली यायचे, शेंगदाण्याच्या पुड्या उघडायच्या, आणि पुडी अर्धी झाली की पुन्हा वारा सुटायचा. तमाशातला सोंगाड्या जे करतो तेच. सगळ्या वेळी ते साधलं असं नाही, लांबलंय तिथे लांबलंय. पण कात्री तू लावू नकोस, मी एकदा लावली आहे.

सिनेमा कोणता, तर माझं मत 'पुराना मंदिर'. 'वीराना' (१९८८) ला मतं जास्त पडतील, मला माहीत आहे. बप्पी लाहिरींची गाणी, ती चेटकीण, आणि त्यात इंदूरच्या होळकरांचे दौहित्र विजयेंद्र घाटगे. शिवाय सतीश शहा त्यात हिचकॉक नावाचा भुताचे सिनेमे काढणारा दिग्दर्शक झालाय, म्हणजे रामसेंनी स्वतःचीच केलेली चेष्टा. चाहत्यांनी बघण्यासारखाच आहे. पण ज्यांनी रामसे कधी बघितलेच नाहीत अशी निम्मी मंडळी असतील, तर आधी 'पुराना मंदिर'. 'वीराना' पुढच्या वर्षी.

टीव्हीवरचा १९९३ चा रामसेंचाच झी हॉरर शो तुमच्या पिढीचा, त्याच्याबद्दल मी काय बोलू? घरात आई स्वयंपाकघरातून हाक मारते, वडील दिवा लावतात. तरीही तुम्ही घाबरलात, म्हणजे काहीतरी होतंच.

आता व्यवस्था. आधी परवानगीचं बघ, सिनेमाचे हक्क आज कुणाकडे आहेत ते शोधून लेखी घे. हॉल छोटा असला तरी हा सार्वजनिकच खेळ. सिनेमाला 'ए' सर्टिफिकेट आहे, लहान भावंडं आणू नका. मग प्रत मिळव ती पूर्ण लांबीची. बाजारात कापलेल्या फिरतात. चित्र पडद्याच्या मापात बसावं म्हणून ताणू नकोस. माणसं बसकी दिसायला लागली तर समज, कुणीतरी ताणलंय.

खरी मेहनत आवाजावर घे. तुझा मित्र चार स्पीकर आणि एक धमधम करणारा डबा आणतो म्हणालास. तो डबा त्याला परत ने म्हणावं. त्या काळचा आवाज एकाच वाटेचा आहे, तो एकाच जागेहून आला पाहिजे. एक चांगला स्पीकर पडद्याच्या मागे, बरोबर मध्ये, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पडदा जाड कापडाचा असेल तर खाली ठेव, पण बाजूला नको. पावलं चित्रातून आली पाहिजेत, खिडकीतून नाही. आणि आवाज किंकाळीवर लावू नकोस, सगळे नवशिके तिथेच चुकतात. दोन माणसं हळू बोलताहेत असा प्रसंग लाव, शेवटच्या रांगेत जाऊन बस, शब्द कळला की बटण तिथेच सोड. किंकाळीचं किंकाळी बघून घेईल. रिकाम्या हॉलात लावलेला आवाज माणसं भरली की दबतो, तेवढं थोडं चढं ठेव.

पंखे. ऑक्टोबरचा उकाडा आहे, कळतंय मला, पण जुन्या पंख्याची खरखर त्या सिनेमाचा अर्धा जीव घेते. इंटरव्हलपर्यंत बंद ठेवता आले तर बघ, दारं आधी तासभर उघडी टाकून हवा खेळती कर. खिडक्यांना काळं कापड, फटींना कागद. बाहेर जायच्या दाराचा दिवा मात्र विझवायचा नाही, त्यावर चिकटपट्टीही नाही. कुणाला धाप लागली तर वाट दिसली पाहिजे. फोन दाराशी टोपलीत जमा. पूर्वी चपला काढायचे तसं.

अंधाराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती कुणाला सांगितली की खरी वाटत नाही. फिल्मच्या मशीनमध्ये एक चित्र जाऊन दुसरं येईपर्यंत पंख्यासारखं पातं उजेड अडवतं, नाहीतर सगळं फराट्यासारखं दिसेल. चित्र स्थिर असतानाही ते एकदा मध्ये येऊन जातं. हिशेब केलास तर अडीच तासांच्या सिनेमात जवळजवळ सव्वा तास पडदा कोरा काळा असायचा. लोक तिकीट काढून सव्वा तास काळोख बघायचे आणि कुणाला पत्ता नसायचा. तुमच्या आजच्या प्रोजेक्टरात तसं होत नाही. उजेड सलग पडतो. त्यामुळे असेल किंवा माझं वय असेल, मला त्यावरची भुतं जरा धुतल्यासारखी दिसतात. म्हणून प्रोजेक्टरचा उजेड कमीतकमीवर ठेव. काळा रंग राखाडी दिसता कामा नये, एवढं बघ.

पोस्टर पाठवलंस ते बघितलं. सामरीचा चेहरा सहा फूट आणि श्याम रामसे कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. उलटं कर म्हणत नाही, तो चेहराही कुणाच्या तरी मेहनतीचा. अनिरुद्ध अग्रवाल, शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, त्या उंचीचा माणूस त्यांनी शोधून आणला. पण सामरीला काढच. नुसता व्हरांडा छाप, रिकामा, शेवटी एक दार. खाली दोन नावं. दोन म्हणतो, कारण तुलसी रामसे गेल्या डिसेंबरात गेले आणि तेव्हा तुम्हीही काही केलं नाही, मीही. पाटीवर जोडीनेच नाव यायचं, 'तुलसी-श्याम'. आता एकट्या श्यामचं लिहिलं तर रीळ अर्धंच चढवल्यासारखं वाटेल.

भाषणं नकोत. कुणाला बोलायचंच असेल तर इंटरव्हलमध्ये, चहा घेताना. आणि हसू आलं तर हसू दे, टोकू नकोस. आमच्याकडेही हसायचेच लोक. जो पहिल्यांदा मोठ्याने हसतो त्याचे पाय बघून ठेव, बस.

एक गोष्ट माझ्याकडून. सुरू करायच्या आधी दिवे घालव, आणि प्रोजेक्टरवर टोपण ठेवून हवेलीतल्या कुठल्याही रात्रीचा नुसता आवाज लाव. बारा सेकंद. कुणाला आधी सांगू नकोस. जागा मी सांगतो, पण ती लिहून कळायची नाही, माझ्याबरोबर बसून ऐकावी लागेल. येत्या रविवारी सकाळी पोहे खायला ये, लॅपटॉप घेऊन ये. डोळे मिटून सगळा सिनेमा एकदा ऐकू. आजी विचारेल, तिला सांग काका गाणी ऐकवतात.

शनिवारी नऊला दार लाव, उशिरा येणाऱ्याला इंटरव्हलशिवाय आत सोडू नकोस. माझी खुर्ची मागे, प्रोजेक्टरच्या शेजारी ठेव, मला डोकी दिसतील अशी. येताना मी पायी येईन. परतताना सराफ्यानंतर कुणीतरी स्कूटरवर सोडा. तेव्हा शेवटचा खेळ संपवून रात्री एकला घरी जायचो, तर वाटेत आधी ८४ च्या आगीत काळाठिक्कर पडलेला राजवाडा लागायचा आणि मग कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या. सायकल कधी एवढी जोरात चालवली नसेल. छत्र्या अजून तिथेच आहेत.